एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट

रक्त खोटं बोलत नाही. मानवजातीच्या इतिहासात ही गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली ती २०३९ सालच्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, चंदूरपेठेच्या नवव्या गल्लीतल्या रक्तपेढीत. साडेअकराला सत्य बंद पडलं, कारण यंत्राच्याच बोर्डावर कुणीतरी चहाची इलेक्ट्रिक किटली लावली होती. बाराला फ्यूज बदलला आणि सत्य पुन्हा सुरू झालं.

या सगळ्या काळात सुकुमार मगदूम सर डावी बाही वर करून खुर्चीत ताठ बसले होते. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत पी.टी. शिकवली होती, वाकून कसं बसतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पासष्टी पुरी व्हायला एकोणतीस दिवस राहिले होते आणि नव्याण्णव वेळा रक्त देऊन झालं होतं. पासष्टीनंतर कुणाचं रक्त घेत नाहीत. म्हणजे शंभरावी वेळ याच महिन्यात यायला हवी होती, आणि ती येणार या भरवशावर गावातल्या सत्कार समितीने फेटा, शाल आणि मानपत्र तयार ठेवलं होतं. मानपत्रात ‘रक्ताचा थेंब न् थेंब समाजाला अर्पण करणारे’ असं छापलं होतं. ते वाचून पद्मावतीबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मग घरी रोज जेवायला येतं ते कोण, असं विचारलं होतं.

आणि आदल्या दिवशी तो निरोप आला होता: ‘आपल्या नावावर जमा असलेलं रक्त एका तातडीच्या रुग्णाशी पूर्ण जुळत आहे. त्वरित यावे.’ सरांनी तो बाईंना तीनदा वाचून दाखवला. शंभरावं दान आणि वर जीवदान. समितीच्या अध्यक्षांना फोन करून त्यांनी फोटोग्राफरचीही आठवण करून दिली. बाईंनी एवढंच विचारलं, “नावावर जमा असलेलं म्हणजे काय हो? तुमचं म्हणायला काय झालं त्यांना?”

बायकांना उगाच संशय असतो, असं तेव्हा सरांना वाटलं.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. शाळेत रक्ताचे चार गट शिकवतात, आणि त्यांच्यापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. म्हणजे माणसाला नुसत्या आडनावाने ओळखण्यातला प्रकार. खरं तर तांबड्या पेशीच्या अंगावर साडेतीनशेच्या आसपास खुणा असतात. केल, डफी, किड अशी त्यांतल्या काहींची नावं. ज्या पेशंटांच्या रक्तामुळे त्या पहिल्यांदा कळल्या, त्यांची आडनावं त्यांना चिकटली. एखाद्याला अपघात झाला, दोन पिशव्या चढवल्या, तर शरीर या खुणांकडे बहुतेक वेळा काणाडोळा करतं. पण थॅलेसेमियाच्या मुलांना दर तीन आठवड्यांनी परकं रक्त घ्यावं लागतं. इतके पाहुणे आले की यजमान बारकाईने बघायला लागतो. नाक कसलं, चाल कसली. काही खुणा तो मनात धरतो आणि पुढच्या वेळी तशी पेशी आली की फोडून टाकतो. या वैराला शास्त्रात प्रतिपिंड म्हणतात. आपल्याकडे भाऊबंदकी म्हणतात.

नवं यंत्र सगळ्या खुणा जनुकांवरून एका दमात वाचत असे. पंधरा वर्षांपूर्वी असा नियम झाला होता की प्रत्येक पिशवीमागे एक थेंब कागदाच्या चकतीवर वाळवून जपून ठेवायचा. तो कशासाठी, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. पण नियम असल्यामुळे सगळ्यांनी तो पाळला. आता यंत्राने त्या हजारो चकत्या आठवडाभरात वाचून काढल्या होत्या. त्यांत मगदूम सरांच्या नावाच्या साठ चकत्या होत्या.

पाऊण वाजता डॉ. आफरीन जमादार हातात कागद घेऊन आल्या. रक्तपेढी त्यांच्या ताब्यात होती. सातवीत असताना त्यांनी गैरहजर मैत्रिणीच्या नावाला ‘हजर’ म्हटलं होतं आणि सरांनी त्यांना मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या होत्या. दुसऱ्याची हजेरी लावणं हा सरांच्या मते चोरीहून वाईट गुन्हा. चोर निदान स्वतः तरी हजर असतो.

“सर,” त्या बसल्या. “साठातले सत्तावन्न थेंब तुमचे आहेत. तीन तुमचे नाहीत.”

सर म्हणाले, यंत्र बिघडलंय.

“बिघडलं होतं. आता किटली काढलीय. एकसष्ट, बासष्ट आणि त्रेसष्ट नंबरची पिशवी एकाच माणसाची आहे, आणि तो माणूस तुम्ही नाही. पेशंटला जुळतंय ते त्याचं. तुमचं चढवलं तर तिला त्रास होईल.” त्यांनी कागद खाली ठेवला. “कोण होता तो, सर?”

सरांनी आढ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत हजारो पोरं त्यांच्यासमोर अशीच आढ्याकडे बघत उभी राहिली होती.

“मला आठवत नाही,” ते म्हणाले.

बाहेरच्या बाकावर एक अकरा वर्षांची मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. पेशंट कोण हे रक्तदात्याला सांगायचं नाही असा कायदा आहे, पण चंदूरपेठ एवढी मोठी नाही. ती पाचव्या गल्लीतल्या केटकाळ्यांची तनिष्का होती. ओठ पिठासारखे पांढरे. सरांना बघून ती उठून बसली.

“तुम्हीच का ते शंभर नंबरवाले?” तिने विचारलं. “मी आज साडेपाचला आहे.”

हिमोग्लोबिनचा आकडा ती क्रिकेटच्या स्कोअरसारखा सांगत असे. आई म्हणाली, नऊच्या खाली गेली की रक्त द्यावं लागतं. पण मागच्या दोन पिशव्या हिच्या अंगाने चार दिवसांत फोडून टाकल्या, आता जुळलेलंच हवं म्हणतात डॉक्टर. मग ती सरांच्या पाया पडायला वाकली. सर मागे सरकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ‘मागे फिर’ हा हुकूम स्वतःला दिला आणि तडक घर गाठलं.

घरी आल्यावर त्यांनी संशयाची रीतसर यादी केली. पहिला संशय यंत्रावर. दुसरा आफरीनवर, पाच फेऱ्यांचा सूड म्हणून. तिसरा सहाव्या गल्लीतल्या औषधदुकानदार अरिहंत चौगुल्यावर. त्याची अठ्ठ्याण्णव झाली होती आणि त्याने थेंब बदलवले असणं अशक्य नव्हतं. चौथी जागा त्यांनी रिकामी ठेवली.

पद्मावतीबाईंची यादी छोटी होती. एका माणसात दोन रक्तं निघतात म्हणजे काय, हे त्यांनी आमटी ढवळताना विचारलं. बाहेर दुसरं बिऱ्हाड वगैरे असलं तर आत्ताच सांगा, म्हणाल्या, सत्काराला साडी कोणती नेसायची ते ठरवायचंय. सरांनी त्यांना समजावलं की दुसऱ्या बिऱ्हाडाने रक्त बदलत नाही. त्यावर बाई म्हणाल्या, “तुम्हाला बरी माहिती.”

दुपारी सरांना इंटरनेटवर आशेचा किरण सापडला. क्वचित एखाद्या माणसाच्या अंगात जन्मापासून दोन माणसांचं रक्त असतं. आईच्या पोटात जुळं असतं, त्यातल्या एकाच्या पेशी दुसऱ्यात रुजतात. सरांनी लगेच आफरीनला फोन केला. “मी दोन माणसं आहे,” ते म्हणाले.

आफरीन शांतपणे म्हणाली की असं असतं तर साठही थेंबांत दोघंही थोडे थोडे दिसले असते. “तुमच्याकडे दोघं पाळी लावून येतात, सर. एक सत्तावन्न वेळा हजेरी असलेला नि दुसरा तीनच वेळा आलेला.” मग म्हणाली, “तनिष्का पाचवर आली. उद्यापर्यंत थांबते मी. परवा दुसरं काहीतरी द्यावंच लागेल, धोका पत्करून.”

सरांना सगळं आठवत होतं. न आठवण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

दहा वर्षांपूर्वी त्यांना विषमज्वर झाला. बरा झाला, पण डॉक्टर म्हणाले वर्षभर रक्त देता येणार नाही. साठ वेळा अखंड दिलेलं, दर तीन महिन्यांनी, एकही खाडा नाही. सरांनी शाळेतल्या सगळ्यांची ओळखपत्रं पाहिली. त्यांच्यासारखा बी पॉझिटिव्ह एकच निघाला: शिपाई यल्लाप्पा. त्या काळी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला मांडवात शिबिरं होत. एका खाटेला दोन कार्यकर्ते आणि एका कार्यकर्त्याला पन्नास कूपनं. कोण झोपलंय ते बघायला वेळ कुणाला. सरांनी यल्लाप्पाला आपलं कार्ड दिलं आणि सांगितलं, नाव विचारलं तर मगदूम म्हण आणि झोप. यल्लाप्पा तीन वेळा मगदूम म्हणाला आणि झोपला. मांडवातून मिळालेलं हेल्मेट, हॉटकेस आणि ब्लँकेट त्याने तिन्ही वेळा सरांच्या घरी आणून दिलं. पावतीवर नाव सरांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर सायकलने नदीच्या वाटेवर गेले. यल्लाप्पा वर्षभरापूर्वी निवृत्त झाला होता आणि घरामागे कोथिंबीर लावत होता. वाटेत सरांनी बरंच भाषण तयार केलं होतं, त्यात कर्तव्य, गोपनीयता आणि जुने संबंध असे तीन भाग होते. यल्लाप्पाने पहिल्या वाक्यालाच हात धुतले.

“झोपायचंय न्हवं? चला की.”

कुणासाठी, कशासाठी, काहीच त्याने विचारलं नाही. सरांना जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. घरची बायकोसुद्धा संशयाने बघत असताना या माणसाला साधा संशयही येऊ नये? त्यांनी त्याला नीट बजावलं. जुनं काही काढायचं नाही. पेशंटला तुझं रक्त जुळेल असं मला वाटलं म्हणून मी तुला आणलं, तू पहिल्यांदाच देतोयस, बस्स. यल्लाप्पा म्हणाला, “व्हय सर.” एकतीस वर्षांत त्याने सरांना दुसरं काही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

सरांची योजना तशी निर्दोष होती. मुलीला रक्त मिळणार, शंभराला धक्का नाही, आणि आफरीनला जे समजायचं ते समजेल. कोण बोलणार?

संगणक बोलला. आधारवरचं वय एकसष्ट दिसताच त्याने पडद्यावर लाल पट्टी लावली. साठीनंतर पहिलं रक्तदान घेता येत नाही. आधी दिलेलं असेल तरच पासष्टपर्यंत चालतं. नियम जुना होता आणि चांगला होता, वाढल्या वयात पहिल्यांदा रक्त देताना काय होईल याचा भरवसा नसतो म्हणून केलेला. यंत्राने यल्लाप्पाच्या बोटाचा थेंब वाचून जुळणी दाखवली होती. केल, डफी, किड, सगळ्या खुणा जिथल्या तिथे. आणि खाली लाल पट्टी.

आफरीनने खुर्ची वळवली. सरांकडे न बघता तिने यल्लाप्पाला विचारलं, “काका, तुम्ही कधीच रक्त दिलेलं नाही?”

यल्लाप्पाने मान वळवून सरांकडे पाहिलं. मग म्हणाला, “सरास्नी इचारा.”

काचेपलीकडे बाक दिसत होता. तनिष्का आज उठून बसली नाही. तिने नुसती चार बोटं वर केली, मग थोडा विचार करून पाचवं अर्धं वाकवून दाखवलं. साडेचार.

सरांच्या डोक्यात एक जुनं दृश्य आलं. कडक ऊन, मैदान, दोन वेण्यांची आफरीन तिसऱ्या फेरीला धापा टाकतेय, आणि आपण शिट्टी तोंडात धरून उभे. मैत्रिणीची आई वारली होती, म्हणून ती आली नव्हती, हे तेवढ्यात कळलं होतं. तरीही पाच फेऱ्या पुऱ्या करून घेतल्या होत्या.

“त्याचं पहिलं नाही,” सर म्हणाले. “चौथं आहे.”

आफरीनने कळफलक पुढे ओढला. “नंबर सांगा, सर.”

“एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट.”

नव्याण्णवातले तीन गेले, शहाण्णव उरले. एवढं गणित पी.टी. शिक्षकालाही येतं.

पण चंदूरपेठेत नुसत्या सत्यावर काम होत नाही. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितलं की यंत्राचं ठीक आहे, पण जुनी दानं एका नावावरून दुसऱ्या नावावर करायची तर कागद लागेल. त्या तीन दिवशी हा इसम शिबिरात होता असं दाखवणारा. कसलाही चालेल, पण शिक्क्याचा.

सर उठले आणि सायकलने घरी गेले. अर्ध्या तासाने ते काखेत एक जाडजूड वही घेऊन परत आले. शाळेचे जुने मस्टर रद्दीत निघाले तेव्हा त्यांनी ते घरी आणून ठेवले होते. हजेरी रद्दीत जाते ही कल्पना त्यांना सहन होत नसे. शिपायांची हजेरी पर्यवेक्षक म्हणून तेच घेत. त्यांनी पानं उलटून बोट ठेवलं. तीन तारखा, तिन्ही शिबिराच्या. यल्लाप्पाच्या नावापुढे तिन्ही दिवशी लाल शाईत ‘उशिरा, १२.१०’, ‘उशिरा, ११.५५’, ‘उशिरा, १२.२५’ असं होतं. खाली सरांचीच सही आणि शाळेचा शिक्का.

आफरीनने पान निरखून पाहिलं. “तुमच्या नावाने रक्त देऊन तो परत आला,” ती हळू म्हणाली, “आणि तुम्ही त्याला लेटमार्क लावलात?”

“उशिरा आला होता,” सर म्हणाले. “नियम तो नियम. हेडमास्तरांना काय सांगणार होतो?”

कागद पास झाला. यल्लाप्पा खाटेवर झोपला, नाव विचारल्यावर सवयीने मगदूम म्हणाला, आणि मग स्वतःच हसून यल्लाप्पा शिवाप्पा नंदीवाले असं पुरं नाव सांगितलं. संध्याकाळी ती पिशवी तनिष्काला लागली. चार दिवसांनी तिच्या अंगाने ती फोडलेली नव्हती. सहाव्या दिवशी तिने सरांच्या फाटकातून ओरडून सांगितलं की ती साडेसातला नाबाद आहे. पुढल्या पिशवीसाठी यंत्राने हुबळीजवळची एक शिक्षिका शोधून ठेवली होती.

गावात मात्र शांतता राहिली नाही. एका होऊ घातलेल्या शतकवीराचं पितळ उघडं पडलं म्हटल्यावर लोक एकमेकांच्या दंडांकडे रोखून बघू लागले. चहाच्या गाड्यावर प्रश्न विचारले जाऊ लागले, की ह्याची चाळीस म्हणजे नेमकी कुणाकुणाची? कुणी भावाला पाठवलं होतं, कुणी जावयाला. एका गृहस्थाच्या नावावर पाच वेगवेगळी माणसं निघाली आणि त्यांतलं एक तो स्वतः नव्हता. सातव्या गल्लीत याहून नाजूक काही कळलं असं म्हणतात. यंत्र त्याबद्दल गप्प बसलं, पण गप्प बसण्याचा कायदा माणसांना लागू नव्हता. त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या एकोणीस शतकवीरांपैकी अकरा जणांनी आपल्याला प्रसिद्धीची हाव नसल्याचं जाहीर केलं. अरिहंत चौगुले तीर्थयात्रेला गेले.

डॉ. आफरीनला यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. तिला पाठवलेल्यांची नावं हवी होती. खोट्या नावांमागे लपलेले भाऊ, जावई, शिपाई, पाणके असे एकशेबारा नवे रक्तदाते तिला महिन्याभरात सापडले, आणि त्यांतले काही फार दुर्मीळ खुणांचे होते.

सर घराबाहेर पडेनासे झाले. शेवटच्या दिवशी, पासष्टीला चोवीस तास राहिले असताना, ते एकटेच जाऊन रक्त देऊन आले. सत्त्याण्णव. फोटोग्राफर नव्हता. पद्मावतीबाईंनी बीटाची कोशिंबीर केली आणि दुसऱ्या बिऱ्हाडाची चौकशी पुढे ढकलल्याचं सांगितलं.

सत्कार समितीपुढे वेगळाच पेच होता. फेटा बांधून तयार, शाल आणलेली, मंडपाचं सांगून झालेलं. अध्यक्षांनी तोडगा काढला: मानपत्रावरच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि यल्लाप्पाचा सत्कार करायचा. सरांनाही बोलावणं आलं, पुरावा म्हणून मस्टर घेऊन या, असं. ते गेले. मागच्या रांगेत ताठ बसले.

अध्यक्षांनी पाऊण तास भाषण केलं. रक्ताला नाव नसतं, मान नसतो, रक्त म्हणजे निःस्वार्थ सेवेची गंगा, वगैरे. यल्लाप्पाला फेटा बांधला. त्याला ध्वनिक्षेपकापुढे उभं केलं आणि सांगितलं, मनात असेल ते मोकळेपणी बोला. सगळ्या मंडपाने माना वळवून मगदूम सरांकडे पाहिलं. गेली दहा वर्षं पोटात ठेवलेलं आता बाहेर येणार, याची सगळ्यांना खात्री होती. सरांना सगळ्यांत जास्त.

यल्लाप्पाने फेटा जरा मागे सारला.

“सर, मस्टर आणलासा न्हवं?” तो म्हणाला. “आपल्या शाळंत वर्षात तीन लेटमार्काला एक किरकोळ रजा कापत हुते. त्या साली माझी एक कापली. थोरल्या पोरीला बघायला पाव्हणं आलं त्या दिवशी रजा शिल्लक न्हवती, मी घंटा वाजवत बसलो. आता ते काय परत यायचं न्हाई. पोरीचं लगीन बी झालं. पर कागुद हाय तवर तेवढे तीन लेटमार्क खोडा. लाल पेन हाय माझ्याकडं.”